दुधाचे दात येताना: समजुती आणि उपचारांचा इतिहास

बाळाला दुधाचे दात एकूण वीस येतात. खालच्या हिरडीतले पुढचे दोन बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास दिसू लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे वीस येऊन पुरे होतात. दात वर येण्याच्या आधीचे काही दिवस हिरडी सुजते, शिवशिवते. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते, लाळ गाळते, किरकिर करते, रात्री उठून बसते. त्रास खरा असतो, पण थोडा आणि थोड्या दिवसांचा. एवढ्याशा गोष्टीवर दोन हजारांहून अधिक वर्षे वैद्यांनी, शल्यविशारदांनी, औषधविक्रेत्यांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी नाना उपाय केले. त्यांतले काही उपयोगी होते, काही निरुपद्रवी होते आणि काही जीवघेणे होते. दात येणे हा आजार मानला गेला तेव्हा तेव्हा औषध जहाल होत गेले आणि मुलांना दातांपेक्षा औषधानेच अधिक इजा केली, हे या इतिहासाचे सार आहे.

प्राचीन ग्रंथांतले दात

ग्रीक वैद्यकात हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांमध्ये दात येण्यावर एक स्वतंत्र छोटे प्रकरण आहे. दात येताना हिरड्यांना खाज सुटते, ताप येतो, आकडी येते, जुलाब होतात, असे या परंपरेने नोंदवले. युरोपातले वैद्यक पुढे शतकानुशतके याच यादीवर चालले. उपाय म्हणून सशाचा मेंदू हिरडीवर चोळण्याची शिफारस होती, आणि ती सतराव्या शतकापर्यंत टिकून राहिली. लांडग्याचा दात मुलाच्या गळ्यात बांधण्याची प्रथाही जुनी. बळकट दातांच्या जनावराचा दात जवळ असला की बाळाचे दात सहज येतील, हा त्यामागचा विश्वास.

भारतातला सर्वांत जुना उल्लेख अथर्ववेदात सापडतो. सहाव्या कांडातले एक सूक्त बाळाच्या पहिल्या दातांसाठी आहे. वरून उगवू पाहणाऱ्या दोन दातांना त्यात वाघांची उपमा दिली आहे, तांदूळ, जव, उडीद आणि तीळ खाण्याची विनंती केली आहे, आणि आईवडिलांना इजा करू नका असे विनवले आहे. वरचे दात आधी येणे अशुभ, ही समजूत त्या काळीही होती. महाराष्ट्रात ती आजही ऐकू येते, फक्त येथे ते मामाला जड जाते असे म्हणतात.

आयुर्वेदात बालरोगांचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता. नेपाळात मिळालेल्या खंडित पोथीवरून पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नाने तो १९३८ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात दातांच्या जन्मावर दन्तजन्मिक नावाचा अध्याय आहे. दात कोणत्या महिन्यात आले तर कसे निघतात याचा विचार त्यात केला आहे आणि आठव्या महिन्यात आलेले दात उत्तम मानले आहेत. मुलींना दात येताना त्रास कमी होतो, मुलांना अधिक, असेही तेथे म्हटले आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात या विषयाच्या दोन बाजू एकाच अध्यायात दिसतात. दात येणे हे सर्व रोगांचे कारण होऊ शकते, असे वाग्भट सांगतो. म्हणजे ग्रीकांची भीती येथेही आहे. पण त्याच अध्यायात तो वैद्याला बजावतो, की दातांमुळे होणाऱ्या दुखण्यांत बाळावर फार निर्बंध घालू नयेत, कारण दात आले की ही दुखणी आपोआप शमतात. प्राचीन वैद्यकातला हा सर्वांत शहाणा सल्ला म्हणावा लागेल. युरोपाला या निष्कर्षाशी यायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

हिरडी कापण्याचा काळ

हिरडी कापून दाताला वाट करून देण्याची पद्धत सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आम्ब्रवाझ पारे याच्या लेखनामुळे प्रतिष्ठा पावली. नव्हेरच्या ड्यूकचा आठ महिन्यांचा मुलगा वारला, तेव्हा पारेला शव तपासण्यासाठी बोलावले गेले. शरीरात दुसरा कोणताही दोष त्याला सापडला नाही. हिरड्या मात्र कठीण, जाड आणि सुजलेल्या होत्या. त्याने त्या चिरून पाहिल्या तेव्हा आत दात बाहेर येण्याच्या तयारीत होते. हिरड्या वेळेवर कापल्या असत्या तर मूल वाचले असते, असा निष्कर्ष त्याने आणि उपस्थित वैद्यांनी काढला. त्या वयाच्या कोणत्याही मुलाची हिरडी चिरली तरी खाली तयार दात सापडतीलच, हा विचार तेव्हा कोणी केला नाही.

त्यानंतर जवळपास तीन शतके डॉक्टरांच्या पेटीत हिरडी कापण्याचे खास छोटे पाते असे. घट्ट हिरडीखाली अडकलेला दात नसांना डिवचतो आणि त्यामुळे सर्व शरीरात विकार उठतात, अशी उपपत्ती मांडली जाई. भूल देण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. जंतूंची कल्पना नव्हती, त्यामुळे पाते एका मुलाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाई. अठराव्या शतकातला नामवंत इंग्रज शल्यविशारद जॉन हंटर एकाच मुलाच्या हिरड्या दहा दहा वेळा कापत असे. एकोणिसाव्या शतकात मार्शल हॉल या इंग्रज डॉक्टरने तर गरज असताना एकदा न कापण्यापेक्षा १९९ वेळा विनाकारण कापलेले बरे, असे मत दिले.

अमेरिकेतल्या जे. मॅरियन सिम्स या पुढे शस्त्रक्रियेत नावाजलेल्या डॉक्टरने आपल्या आत्मचरित्रात पहिल्या रुग्णाची हकिकत लिहिली आहे. १८३५ साली त्याच्याकडे सुमारे दीड वर्षाचे, जुलाबांनी खंगलेले बाळ आले. हिरड्या थोड्या सुजलेल्या दिसताच त्याने पाते काढून त्या दातापर्यंत चिरल्या. पुढे काय करावे हे त्याला कळेना. पुस्तकात पाहून त्याने औषधे दिली, पण बाळ दगावले. नव्या डॉक्टरलासुद्धा सर्वांत आधी आठवली ती हिरडीच, इतकी ही समजूत पक्की होती.

मृत्यूच्या नोंदी आणि त्यांचे खरे कारण

ही भीती केवळ ग्रंथातली नव्हती. ती सरकारी कागदांवरही उतरली होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली ५,०१६ मृत्यू दात येण्याच्या कारणाखाली नोंदले गेले. १९१० सालीही तेथे सुमारे १,६०० मृत्यूंपुढे हेच कारण लिहिले होते.

ही मुले दातांनी मेली नव्हती. सहा महिने ते दोन वर्षे हा काळ बाळाच्या आयुष्यात अनेक कारणांनी नाजूक असतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती याच वेळी ओसरू लागते. वरचे दूध आणि अन्न सुरू होते, आणि पाणी किंवा दूध अस्वच्छ असेल तर जुलाब होतात. बाळ रांगू लागते, जमिनीवरचे काहीही तोंडात घालते. गोवर, डांग्या खोकला, मेंदूज्वर, न्यूमोनिया यांच्याशी पहिली गाठही याच वयात पडते. महाराष्ट्रात सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण होते, मामाच्या हातून बाळाला खिरीचा पहिला घास भरवतात. पहिला दातही त्याच सुमारास डोकावतो. म्हणून जुलाब झाले की दाताकडे बोट दाखवणे सोपे जाते. जगभर हेच घडले. या वयाच्या मुलाच्या तोंडात कधीही पाहावे, कोणता ना कोणता दात येतच असतो, आणि ज्या आजाराचे कारण उमगत नाही तो आजार दाताच्या माथी मारता येतो.

या चुकीवर बोट ठेवणाऱ्यांत अमेरिकेतल्या बालवैद्यकाचा जनक मानला जाणारा अब्राहम जेकोबी अग्रेसर होता. १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या दंतोद्गमावरील व्याख्यानांत त्याने दातांवर लादलेल्या आजारांची चिकित्सा केली आणि खरे कारण शोधण्याचा आग्रह धरला. हिरडी कापण्याची पद्धत मात्र हळूहळूच मागे पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही पाठ्यपुस्तकांतही ती टिकून होती.

पोवळे, चांदी आणि चावण्याच्या वस्तू

कापण्या-चिरण्याच्या या काळात घरात एक सौम्य उपायही चालू होता: बाळाला चावायला काहीतरी कठीण आणि गुळगुळीत देणे. रोमन काळापासून युरोपात लाल पोवळ्याला मुलांचे रक्षण करणारे मानले जाई. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये त्याचा एक सुंदर दागिनाच तयार झाला. मधोमध नक्षीदार चांदीची मूठ, तिच्या एका टोकाला गुळगुळीत पोवळ्याची कांडी, दुसऱ्या टोकाला शिटी आणि कडेने लटकणारे छोटे चांदीचे घुंगरू. बाळ पोवळे चावी, घुंगरू वाजवी, आणि घरच्यांच्या समजुतीप्रमाणे पोवळे नजरेपासून व दुखण्यापासून राखण करी. त्या काळातल्या श्रीमंत घरांतल्या मुलांच्या चित्रांत ही वस्तू अनेकदा हातात किंवा कमरेला दिसते. ज्यांना पोवळे परवडत नसे ते हाड, हस्तिदंत किंवा लाकूड वापरीत. जर्मन भाषक प्रदेशांत आयरिस या फुलझाडाचे वाळलेले मूळ चावायला देत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबर आले आणि आजच्या चोखण्यांचा मार्ग मोकळा झाला.

महाराष्ट्रातही या गोष्टी सर्वांच्या ओळखीच्या आहेत. बाळाला चांदीचा किंवा लाकडी खुळखुळा देण्याची रीत आहे. दात येऊ लागले की चोखायला सुकी खारीक किंवा सोललेल्या गाजराचा जाड तुकडा हातात देतात. हिरडीवर दाब पडला की खाज शमते, एवढाच या सर्वांचा गुण, आणि तो खरा आहे. मात्र कणी तुटून घशात अडकण्याचा धोका खारकेला आणि गाजराला असतो, म्हणून बाळाला एकटे सोडून ते देऊ नये.

अफूची सरबते आणि बाळगोळी

एकोणिसाव्या शतकात औषधांच्या जाहिरातींचा धंदा वाढला आणि दात येणाऱ्या बाळांची आई हे त्याचे मोठे गिऱ्हाईक ठरले. इंग्लंडात गॉडफ्रेज कॉर्डियल हे काकवीत मिसळलेले अफूचे औषध स्वस्तात मिळे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बँगर येथून १८४९ च्या सुमारास मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप बाजारात आले. दात येणाऱ्या मुलांसाठीचे औषध म्हणूनच त्याची जाहिरात होई. गोड, शांत झोपलेल्या बाळाची रंगीत चित्रे घरोघर पोचली. बाटलीत मॉर्फीन होते: एका द्रव औंसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम. बाळ गप्प होई, ते या मॉर्फीनमुळे. मात्रा थोडी अधिक झाली की श्वास मंदावे आणि काही मुले झोपेतून उठतच नसत. १९०५ साली सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने अशा औषधांचे पितळ उघडे पाडले. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने मॉर्फीन, अफू, मद्यार्क यांचा उल्लेख लेबलावर करणे सक्तीचे केले. १९११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या सिरपाची गणना बाळांचे बळी घेणाऱ्या औषधांत केली.

पश्चिम भारतात याच काळात अफूचे दुसरे रूप प्रचलित होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका लहान मुलाला अफूची छोटी गोळी देत. तिला बाळगोळी म्हणत. ही गोळी केवळ दातांसाठी नव्हती. चाळीतल्या एका खोलीत मूल कोणाच्या तरी भरवशावर ठेवून दहा दहा तास गिरणीत उभ्या राहणाऱ्या आईपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता, आणि दात येताना किरकिरणारे मूल शेजारणीने सांभाळावे तरी कसे, हा प्रश्न होताच. १९२९ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या, व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगानेही या प्रथेची दखल घेतली. औषध बंद करायचे तर कामाच्या जागी पाळणाघर हवे, हे हळूहळू मान्य झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केले. बाळाच्या रडण्यावरचा खरा उपाय येथे औषधाच्या दुकानात नव्हता; आईच्या कामाच्या अटी बदलण्यात होता.

पाऱ्याची पूड आणि गुलाबी आजार

अफूपेक्षाही अधिक काळ फसवत राहिला तो पारा. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा एक क्षार. तो जुलाबासाठी वापरला जाई. पोट साफ केले की दात सुखाने येतात, या कल्पनेवर एकोणिसाव्या शतकात लंडनच्या वॉलवर्थ भागातून जॉन स्टीडमनच्या पुड्या प्रसिद्ध झाल्या. कंपनी आयांसाठी संगोपनाची पुस्तिकाही वाटत असे. अशा पुड्या ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात घरोघर असत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना एक विचित्र आजार दिसू लागला. बाळाचे हात-पाय गुलाबी होऊन सुजत, कातडी सोलवटून निघे, अंगातून घाम वाहे. उजेड सहन होत नसे, म्हणून मूल तोंड उशीत खुपसून पडून राही. स्नायू ढिले पडत आणि कित्येकांचे दात गळून जात. १९०३ साली जर्मनीत आणि १९१४ साली ऑस्ट्रेलियात त्याची वर्णने झाली. लोक त्याला गुलाबी आजार म्हणू लागले. कारण म्हणून जंतू, जीवनसत्त्वांचा अभाव, आहार असे अनेक तर्क झाले.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी येथील जोसेफ वॉर्कनी आणि डोनाल्ड हबर्ड यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा शोधला आणि १९४८ साली आपले निष्कर्ष लान्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पारा दिलेल्या प्रत्येक मुलाला हा आजार होत नसे. अंदाजे पाचशेत एकाला होई. म्हणूनच पूड आणि आजार यांचा संबंध इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही. कॅलोमेल पुड्यांतून काढून टाकण्यात आले, स्टीडमनच्या पुड्यांतून ते १९५४ साली गेले, आणि त्या दशकात गुलाबी आजार जवळपास नाहीसा झाला. तोवर एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये शेकडो मुले दगावली होती.

सहाण, टाकणखार आणि बाटलीतले पाणी

महाराष्ट्रातल्या घरात बाळाच्या दुखण्यावर पहिली हाक असते ती बाळगुटीला. सहाणेवर दुधाचे किंवा पाण्याचे थेंब टाकून वेखंड, हळकुंड, सुंठ, हिरडा, मुरडशेंग, जायफळ, ज्येष्ठमध, बदाम, खारीक यांचे मोजके वेढे उगाळायचे आणि ते चाटण बाळाला द्यायचे. वयाप्रमाणे वेढे वाढतात, पोट पाहून एखादे औषध कमी-जास्त होते. दात येताना अतिविष, काकडशिंगी यांच्यावर भर देतात. जायफळाचा वेढा जास्त झाला तर बाळाला गुंगी येते, आणि सहाण नीट धुतलेली नसेल तर औषधाबरोबर जंतूही पोटात जातात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

घरगुती उपायांतला एक मात्र टाकूनच द्यावा असा आहे. लाहीसारखा फुलवलेला टाकणखार मधात कालवून हिरडीवर चोळणे हा जुना प्रघात. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. इंग्लंडातही बोरॅक्स-मधाचे मिश्रण चोखणीला लावून देत. १९८३ साली डॉक्टरांनी अशा मिश्रणामुळे आकडी येऊ लागलेल्या सात बाळांची हकिकत प्रसिद्ध केली. मिश्रण थांबवताच आकडी थांबली. मधाचा धोका वेगळा. त्यातल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, हे १९७६ साली स्पष्ट झाले. म्हणून एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, हा सल्ला आता जगभर दिला जातो.

बाटलीतल्या औषधांपैकी भारतात सर्वांत रुळले ते ग्राइप वॉटर. विल्यम वुडवर्ड याने ते १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथे तयार केले. त्यात शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क असे. दात येण्याच्या त्रासावरही ते चालते, असे आयांना सांगितले गेले. मद्यार्काने बाळ शांत होई आणि साखरेने ते औषध आवडीने घेई. पुढे मद्यार्क वगळण्यात आला. महाराष्ट्रात दाताच्या गोळ्या म्हणून होमिओपॅथीच्या दुकानांतून मिळणाऱ्या बायोकेमिक गोळ्याही खूप खपतात. जर्मन डॉक्टर शुस्लर याने १८७० च्या दशकात मांडलेल्या क्षारचिकित्सेतून त्या आल्या. त्यांनी दात लवकर किंवा सुखाने येतात, याला भक्कम पुरावा नाही.

नवे लेप, नवे इशारे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिरडी बधिर करणारे मलम आले. त्यातले बेन्झोकेन लाळेबरोबर वाहून जाते, त्यामुळे गुण थोडा वेळच टिकतो. पण क्वचित त्याने रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळे पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली याबद्दल इशारा दिला आणि २०१८ साली दोन वर्षांखालील मुलांसाठी अशी मलमे विकू नयेत असे उत्पादकांना सांगितले. त्याच वर्षी या संस्थेने दात येताना गळ्यात घालण्याच्या अंबराच्या माळांबद्दलही सावध केले. माळेने गळफास बसू शकतो आणि मणी घशात अडकू शकतो.

सर्वांत भयंकर घटना नायजेरियात घडली. २००८ च्या अखेरीस तेथे माय पिकिन नावाच्या दाताच्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन ८० हून अधिक मुले दगावली. ज्या त्रासाला औषधाची गरजच नव्हती, त्यासाठी ही मुले गेली.

आज काय माहीत आहे

दात येताना नेमके काय होते याचा काटेकोर अभ्यास २००० साली झाला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १११ बाळांच्या आईवडिलांकडून रोजची नोंद ठेवून ४७५ दातांचा मागोवा घेतला. चावण्याची इच्छा, लाळ, हिरडी चोळणे, किरकिर, झोपमोड, कान चोळणे, खाणे कमी होणे आणि अंग किंचित कोमट लागणे, असे सौम्य त्रास दात येण्याच्या आगेमागे वाढलेले दिसले. तेही दात येण्याच्या चार दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंतच. यांपैकी कोणताही त्रास सर्व मुलांना होत नव्हता. कोणताही एक त्रास फार तर एक तृतीयांशाच्या आसपास मुलांत दिसला. जास्त ताप, उलट्या, जुलाब यांचा दातांशी संबंध आढळला नाही.

म्हणून उपायही साधेच उरतात. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हळुवार चोळावी. गार पाण्यात भिजवून पिळलेले मऊ फडके किंवा फ्रिजमध्ये थंड केलेली, पण बर्फासारखी गोठवलेली नसलेली रबरी चोखणी द्यावी. हनुवटीवरची लाळ पुसून, लाळेरे बदलून त्वचा कोरडी ठेवावी. बाळ फारच कासावीस असेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेतच द्यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काय दाताच्या नावावर लिहायचे नाही हे ठरवणे. महाराष्ट्रात आजही दाताचे जुलाब म्हणून वाट पाहिली जाते आणि तोवर बाळाच्या अंगातले पाणी कमी होत जाते. जुलाब सुरू झाले की दात येत असोत वा नसोत, जलसंजीवनी लगेच सुरू करावी आणि आईचे दूध चालू ठेवावे. १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप, आकडी, उलट्या किंवा सुस्ती दिसली तर कारण दुसरीकडे आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. दात आपल्या वेळी येतातच. त्यांच्या आड लपलेला आजार ओळखणे, हेच बाळाला या दिवसांतून सुखरूप नेण्याचे खरे काम आहे.